बाळ चोवीस तारखेला

— नाही म्हणजे नाही, मॅडम. बाळ मिळणार नाही. तुमच्या मॉलसाठी नाताळचा गोठा दिला, गाढव दिलं, बैल दिला, मेंढरं दिली, त्यातल्या एकाचा कान मोडलाय तेही दिलं — फादर म्हणाले द्या, मी दिलं. मी कोण नाही म्हणणारा, मी देवळाचा नोकर माणूस, घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, चाव्या सांभाळायच्या. पण बाळ नाही. बाळ चोवीस तारखेला. त्याच्या आधी आम्ही ते गव्हाणीत ठेवतच नाही, तशी रीतच आहे — जन्माच्या आधी मूल पाळण्यात घालतं का कुणी? तेवढ्यासाठी तुम्ही मॉलपासून इथवर परत आलात, आता काय म्हणू मी. बसा. त्या कडेला नको, तिथं मेण सांडलंय, साडीला लागेल. इकडं सरकून बसा. मी आपला हात चालू ठेवतो हं, हे मेणबत्त्यांचे स्टँड आजच खरवडायला हवेत, मेण एकदा दगड झालं की सुरीसुद्धा हटते.

साहेब म्हणाले का? असं. म्हणजे तुमच्या साहेबांनी गोठा लावून झाल्यावर लांब उभं राहून बघितला आणि म्हणाले, छान आहे, बाकी सगळं छान आहे. आणि ते पुढं गेल्यावर तुम्ही वाकून गव्हाणीत बघितलंत. असं का? म्हणजे साहेबांनी नाही विचारलं, तुम्हीच विचारलंत. बरं. — नाही, काही नाही, सुरी निसटली. काही लागलं नाही.

मी येऊन बघून गेलो तुमच्याकडं, माहितीये का? परवा. कुणाला बोललो नाही. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी मांडलाय तुम्ही गोठा. एवढे दिवे त्याच्यावर आमच्या जन्मात पडले नव्हते. योसेफच्या दाढीला पोपडे आलेत ते मला पहिल्यांदा तिथं दिसले. आणि माणसं किती, बाप रे — इथं रविवारी पुढचे बाक भरले तरी फादर खूश होतात, आणि तिथं लोक रांग लावून फोटो काढतायत. तो लाल डगलेवाला म्हातारा मेंढपाळांच्या पुढ्यात उभा केलाय, मरियेच्या दुप्पट उंच. कापसाचा बर्फ. वर पाटी — काय बरं लिहिलंय — 'आनंदाचा हंगाम, सगळ्यांचा'. हंगाम म्हणे. आंब्याचा असतो, कांद्याचा असतो. नाताळ हा शब्द शोधून सापडला नाही मला. वाढदिवस कुणाचा आहे तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलंय. नवरदेवाशिवाय वरात निघाली आणि बँडवाले जोरात.

तुम्हाला नाही बोलत मी. तुमचं काम सजावटीचं, साहेब सांगतील तसं. आणि तुमचा देव वेगळा, हे काही लपून नाही, त्यात काही बिघडलंही नाही. आमच्या गल्लीत चार तऱ्हेचे देव राहतात, भांडणं होतात ती नळावरून आणि गाड्या लावण्यावरून, देवावरून नाही. तुमच्या सणाला मी शेजारी म्हणून येतो, दिलं ते खातो, दोन्ही हात जोडतो. पण तुमचा देव जरा बाजूला सरकवा, बाकीचं ठेवा, म्हणजे मला अवघडल्यासारखं व्हायचं नाही — असं म्हणतो का मी कधी? इथंच तर घोडं पेंड खातं. सगळ्यांचा, सगळ्यांचा म्हणताना तो कुणाचाच उरत नाही. फादरना मी हेच बोललो. ते हसले. ते तरुण आहेत, हसतात. म्हणाले, अहो, दार उघडं ठेवावं, वाटेनं जाणारा एखादा आत डोकावेल. म्हटलं, फादर, दार उघडं ठेवायचं म्हणजे घरातलं सामान रस्त्यावर मांडायचं असं नाही.

काय काढलंत पिशवीतून? बघू. — बाहुली. खेळण्यांच्या विभागातली. आडवी केली की डोळे मिटते का? मिटते. बरोबर, आताशा मिटतात. म्हणजे मी बाळ दिलं नाही तर ही ठेवणार. ठेवा ना, बापडे आम्ही काय करणार. गालावर गुलाबी, ओठावर गुलाबी, हाताला प्लॅस्टिकचा वास. हिला काही होणार नाही, नाही का? पडली तरी टुणकन उडेल.

तसं नाही हो ते. रागावू नका, ऐका. तुम्ही आता विचारताच आहात तर सांगतो, एवीतेवी कुणी विचारत नाही. ते तीन ज्ञानी लोक दिलेत ना तुम्हाला, उंटाजवळ उभे करायचे ते — त्यातल्या तिसऱ्याच्या हातात डबी आहे, काळपट रंगाची, बघितलीत? तुमच्या सजावटीच्या पोरांनी ती उलटी बसवलीये, ती सरळ करा. त्यात काय आहे माहितीये? पहिला सोनं घेऊन येतो, दुसरा ऊद आणतो, आणि तिसरा गंधरस. गंधरस म्हणजे मढ्याला लावायचं. मेलेल्या माणसाच्या अंगाला चोळून मग कापडात गुंडाळायचं. लोक बाळ बघायला येताना झबलं आणतात, टोपडं आणतात — आणि हा बाबा मढ्याला लावायचं घेऊन आला, आणि आईनं ते घेतलं, ठेवून दिलं. आणि तिकडं राजाची माणसं तलवारी घेऊन निघालेली, गावातली तान्ही पोरं कापायला, कारण मारायचंय ते बाळ यातलं नेमकं कोणतं ते कळेना. हा नाताळ आहे. हे तुमच्या कापसाच्या बर्फात कुठं बसवणार? सगळ्या धर्मांत देव मोठा आहे, कुणीच नाही म्हणत नाही. आमच्याकडं सांगतात ते एवढंच की तो लहान झाला. हातात मावेल एवढा. आणि हातात मावेल एवढा झाला की पडतो, फुटतो, हरवतो. ही असं म्हणायची. मी नाही, मला एवढं कुठलं सुचायला. ही म्हणायची.

ही म्हणजे आमची ही. माझी बायको. बाळाचं सगळं तिच्याकडं होतं. लाकडाचं आहे ते, प्लॅस्टरचं नाही, बाकीचे सगळे प्लॅस्टरचे — बाळ तेवढं लाकडाचं, माझ्या दोन तळव्यांएवढं, डाव्या हाताचा अंगठा गेलेला. या मागच्या खोलीत ओल आहे, लाकूड फुगतं, रंग सुटतो, म्हणून नाताळच्या आधी मी ते कोटाच्या खिशातून घरी न्यायचो. मग ही पदर खोचून बसायची. मऊ फडक्यानं पुसायचं, बोटांच्या फटीत काडीला कापूस लावून, मग तेलाचा एक थेंब तळहातावर घेऊन चोळायचं — पाठ, पोट, पाय. तेल लावताना बोलायची त्याच्याशी. काय बोलायची ते मी कधी ऐकायला थांबलो नाही. बाहेर जायचो. मला बघवायचं नाही. — मूलबाळ नाही आम्हाला. झालं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, असतं एकेकाचं. तर दर वर्षी नवीन फडकं शिवायची त्याच्यासाठी, चारी बाजूंनी दुमडून, बारीक टाके. आणि मग चोवीसला मी तसंच खिशातून परत आणायचो, आणि अंधार झाला की ठेवायचो.

अंधार म्हणजे काय — ती पण इथलीच रीत, दुसऱ्या देवळांत फादर मिरवत आणतात. इथं मिस्सा, म्हणजे आमची मोठी प्रार्थना, सुरू होताना गाणाऱ्या बाई सगळे दिवे घालवतात. पूर्वी मध्यरात्री असायची मिस्सा, आता संध्याकाळीच उरकतात, लोकांना घरी जेवायचं असतं. तर दिवे जातात, त्या अंधारात सगळे गातात, आणि तेवढ्यात मी मागून येऊन बाळ ठेवायचं. चपला काढून, आवाज न करता. गाणं संपतं, दिवे येतात, आणि बाळ आलेलं असतं. लहान मुलं माना उंच करून बघायची, कुणी ठेवलं ते त्यांना कळायचं नाही. बस, एवढंच काम. वर्षभर मी झाडतो, पुसतो, मेण खरवडतो, ते त्या एका गाण्यापुरतं.

कपाट? हो, हेच कपाट. किल्ली — किल्ली फादरकडं आहे. म्हणजे असते. हे काय, हे जुडग्यातली दुसरी. बघा मॅडम, तुम्ही त्या कपाटाकडं बघत बसू नका. मी सांगतोय ना चोवीस तारखेला. चोवीसला मी स्वतः येईन मॉलमध्ये, तुमचे दिवे घालवा म्हणेन दोन मिनिटं. घालवाल? नाही ना. जिना थांबवाल? मग कसं ठेवू. बाळ अंधारात ठेवायचं असतं.

ही सुरी ठेवतो जरा बाजूला.

मागच्या वर्षी ही दवाखान्यात होती. पोटाचं होतं, सांगतात तसं सगळं सांगून झालं होतं डॉक्टरांनी. मी चोवीसला दुपारी गेलो, बाळ खिशात होतं. म्हटलं, हिच्याकडून पुसून घ्यावं, दर वर्षीचं आहे, तिलाही बरं वाटेल, आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. एवढाच विचार. कुणालाही सुचला असता. मी ते तिच्या हातात दिलं. तेलाची बाटली नेली होती, ती तशीच राहिली, हिला उठून बसवेना. तिनं नुसतं छातीवर धरलं, अंगठा गेलेल्या त्या हातावर बोट फिरवत पडून राहिली. मी म्हटलं, चल, दे आता, मला निघायला हवं. म्हणाली, थांबा हो जरा. मी थांबलो. पुन्हा म्हटलं. म्हणाली, एवढ्यात कुठं अंधार पडतोय. आणि खिडकीबाहेर अंधार पडला होता. ते मला दिसत होतं, तिला दिसत नव्हतं.

त्या वेळी इथं गाणं चालू असेल. मी मनात म्हणत होतो, आता दिवे घालवले, आता दुसरं कडवं — आणि ही गेली. काही झालं नाही. पुढचा श्वास आला नाही, एवढंच.

नर्सबाई आली. आमच्यातली नव्हती ती — तुमच्यातली का आणखी कुठली, विचारलं नाही. हिची अंगठी, चष्मा काढून पिशवीत घातला, तशी पद्धत असते. मग हाताकडं गेली तर बोटं घट्ट. मला म्हणाली, काका, हे काय आहे? म्हटलं, आमचा देव आहे, देवळात न्यायचाय, लोक वाट बघतायत. तिनं पुन्हा एकदा हिचं करंगळीजवळचं बोट उचलून बघितलं, आणि सोडून दिलं. म्हणाली, राहू द्या ना काका. देव कुणी परत मागून घेतं का हातातून? आणि चादर ओढली. हिच्या डोक्याकडून खाली ओढली, तोंड झाकलं, आणि बाळापाशी आली तशी दुमडून वरच ठेवली. म्हणाली, त्याच्या तोंडावर नको, लहान आहे.

ती एवढं म्हणाली. तिला आमचं काही ठाऊक नव्हतं.

पाणी? नको. तुम्ही बसा.

तर बाळ इथं नाही. कपाटात एक फडकं आहे, हिनं आजारी पडायच्या आधीच शिवून ठेवलेलं, घडी मोडलेली नाही. आणि एक बाहुली आहे, हो, मीही आणली होती, तुमच्या बाहुलीसारखीच, डोळे मिटणारी. पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे अजून. काढली नाही.

पण ते नाही सांगत मी तुम्हाला. दुसरंच सांगायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथं आलो, घंटा तर वाजवायलाच हवी होती, ती कुणी दुसरं वाजवत नाही. मनात धाकधूक, की लोक काय म्हणाले असतील. दिवे आले असतील आणि गव्हाण रिकामी, सगळ्यांची तोंडं उतरली असतील, पोरं रडली असतील, फादरना बोल लागला असेल. आत आलो तर गव्हाणीत नुसतं गवत. आणि दारात गाणाऱ्या बाई भेटल्या, हिचं कळल्यावर हळहळल्या, आणि मग म्हणाल्या, काल मात्र मिस्सा फार सुंदर झाली, गोठा इतका छान दिसत होता. वाटलं, माझं मन राखायला बोलतायत. नाही हो. त्यांना दिसलंच नव्हतं. फादरना दिसलं नाही. कुणालाच नाही. दिवे आले, सगळ्यांनी गवताकडं बघून गुडघे टेकले, गाणं म्हटलं आणि जेवायला गेले. नवीन वर्ष उजाडून गोठा उतरवेपर्यंत ते फोटो काढत होते — एका घरच्यांनी उजेड यावा म्हणून गव्हाणीत मोबाईल ठेवला होता, तो फोटो अजून दाराजवळच्या फलकावर लावलाय, जाताना बघा. हिची पेटी त्या गोठ्याच्याच शेजारी ठेवली होती, मातीला नेण्याआधी. इकडं रिकामी गव्हाण, आणि इकडं झाकणाखाली, हातभर अंतरावर, ते हिच्या हातात. फादर बाळाबद्दल बोलले. फार छान बोलले.

आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? बरं वाटलं. हे मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, बरं झालं, यांचंही रिकामंच आहे, माझ्या एकट्याचं नाही. असं वाटलं मला, देवळात, हिच्या पेटीशेजारी उभं राहून. असला माणूस मी — आणि तुमच्या पाटीवर नाताळ लिहिलं नाही म्हणून इतका वेळ तुमचं डोकं खातोय. पाटीचं काय घेऊन बसलो. तुमच्या साहेबांना दिसलं नाही, आमच्या फादरनाही दिसलं नाही, त्यात डावं-उजवं काय करायचं. एक वर्ष होत आलं, रोज चाव्या खिशात घालून हिंडतोय, वाटतं, आज कुणीतरी विचारेल, अहो, बाळ कुठंय? मग मी सांगेन. सांगितलं की माझ्या शिव्या मला मिळतील, आणि सुटेन. तर विचारायला आलीस तू. पिशवीत बाहुली घेऊन.

रडू नकोस पोरी. रडण्यासारखं काय आहे त्यात. ते गेलं ते बरोबरच गेलं, असंही कधी वाटतं. तिसऱ्यानं डबी आणली होतीच ना, कशासाठी आणली होती. मातीत जायलाच आलेला तो, हीच तर गोष्ट आहे, आम्हीच दर वर्षी सांगतो. वाटतं असं. मग संध्याकाळ होते, आणि नाही वाटत.

फादरना सांगायचं तर सांग, मी हात धरत नाही. ऊठ आता. मॉलवाले वाट बघत असतील, आणि मला दोन स्टँड राहिलेत अजून. ही तुझी बाहुली पिशवीत घाल. तिथं ठेवू नकोस ती. एवढं ऐक माझं, दुसरं काही मागत नाही — गव्हाण तशीच राहू दे, गवत तेवढं नीट पसर, मधे खळगा ठेव, ही ठेवायची तसा. कुणी विचारलं बाळ कुठंय, तर सांग, चोवीस तारखेला येणार आहे.

आणि चोवीसला कुणी विचारलं तर —

नाही विचारणार कुणी. जा. जाताना दार ओढून घे, खालून जरा पायानं ढकलावं लागतं.